गुप्तेबाईंचा हार

अ‍ॅमस्टरडॅमच्या त्या गॅलरीत विश्राम वेर्लेकर ज्या ब्रोचपुढे बराच वेळ खिळून उभे होते, त्यात सोन्याचा कणसुद्धा नव्हता. सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या पाकळ्या केलेल्या आणि मागे चांदीची पिन. शेजारच्या चिठ्ठीवर किंमत होती. ती वाचून वेर्लेकरांनी आधी चष्मा पुसला, मग पुन्हा वाचली. उभा जन्म डोंबिवलीत सोनाराच्या गादीवर काढलेला माणूस हा. रबराला एवढे पैसे मागणाऱ्याचं कौतुक करावं की त्याला दोन शब्द सुनवावेत, हे त्यांना ठरवता येईना. पण पायही तिथून निघेनात.

तसं पाहिलं तर त्यांना इथे यायची काही हौस नव्हती. बायको, सुहासिनी, गेल्याला तीन वर्षं झाली होती. दुकान पुतण्याच्या, सर्वेशच्या, हातात देऊन झालं होतं. एकुलती एक मुलगी ऋजुता हॉलंडला नोकरीला. तिने ठाण्यात माजिवड्याला एका टॉवरमध्ये फ्लॅट घेऊन ठेवला होता आणि ‘बाबा, तुम्ही राहा तिथे, डोंबिवलीच्या घराला लिफ्ट नाही’ म्हणून वडिलांना त्यात नेऊन बसवलं होतं. खाली हायवे, वर आभाळ, आणि मध्ये वेर्लेकर. शेजारच्या दारावरची पाटी त्यांना पाठ होती, माणसं एकदाही दिसली नव्हती. शेवटी ऋजुतानेच तिकीट पाठवलं, या दोन महिने म्हणून.

तिथे पोहोचल्यावर कळलं की एकटेपणाला पासपोर्ट लागत नाही. ऋजुता आणि जावई सकाळीच बाहेर पडायचे ते दिवेलागणीला परत. तिने वडिलांना म्युझियमचा पास काढून दिला. “बाबा, तुमच्याच लाइनचं आहे. कंटेम्पररी ज्वेलरी म्हणतात. बघून तर या.” वेर्लेकर पोळीत भाजी गुंडाळून घ्यायचे आणि निघायचे. म्युझियमं पाहिली, गल्लीबोळातल्या गॅलऱ्या पाहिल्या. एका शनिवारी जावयाने गाडीने जर्मनीत फोर्त्सहाइमला नेलं. ते गावच सोनारांचं. तिथे म्युझियममध्ये जुन्या ग्रीक अंगठ्यांपासून आजकालच्या पोरांनी कागद जाळून केलेल्या कर्णफुलांपर्यंत सगळं काचेत मांडलेलं. वेर्लेकर काचेला नाक लावून दागिन्यांच्या मागच्या बाजू पाहायचा प्रयत्न करायचे. जमेल तिथे फोटो काढून सर्वेशला पाठवायचे. ‘ही कडी बघ, सांध्याला डाख कुठे लावलाय ते दिसतच नाही.’ सर्वेशकडून उलट एक अंगठा यायचा. अंगठ्याशी माणूस बोलणार किती? दुपारी ते कालव्याकाठच्या बाकावर बसून पोळी खायचे, आणि काय काय पाहिलं ते मनातल्या मनात सुहासिनीला सांगायचे. तिला सोन्यातलं फारसं कळत नसे, पण ती ऐकून घ्यायची.

सगळ्यात जास्त त्यांना काय लागलं असेल तर त्या चिठ्ठ्या. प्रत्येक दागिन्याखाली घडवणाऱ्याचं नाव. दुकानाचं नाही, मालकाचं नाही, ज्याने हाताने घडवला त्याचं. आपल्याकडे बायका म्हणतात, ‘वेर्लेकरांकडून केलं’. ते वेर्लेकर म्हणजे दुकानाची पाटी, आणि पाटीवर नाव वडिलांचं. आतल्या खोलीत दिव्यापुढे वाकून कोणी तार ओढली, कोणी जाळी भरली, हे विचारायची आपल्यात पद्धत नाही. वेर्लेकरांनाही आजवर कधी वाटलं नव्हतं की विचारावं. आता सदुसष्टाव्या वर्षी, परमुलखात, रबराच्या फुलापुढे उभं राहून ते एकदम वाटलं, आणि वाटल्याचा त्यांना रागही आला.

गॅलरीवाली बाई त्यांच्याच वयाची होती. हा माणूस काही हलत नाही हे पाहून तिने कपाट उघडलं आणि ब्रोच त्यांच्या हातावर ठेवला. वेर्लेकरांनी तो आधी उलटा केला. ती हसली. गिऱ्हाईक पुढची बाजू बघतं, म्हणाली, उलटा करून फक्त घडवणारा बघतो. मग त्यांना बसायला स्टूल दिलं, कॉफी दिली, आणि म्हणाली, तुमचं काम दाखवा.

वेर्लेकरांनी मोबाइल काढला. त्यात होत्या सर्वेशच्या दुकानातल्या मशीनवर ओतलेल्या बांगड्या, कॅटलॉगमधून निवडलेले सेट, तीन नंबरच्या ट्रेमधली पेंडंट्स.

“हे तुम्ही घडवलं?”

“नाही.”

“मग तुमचं कुठे आहे?”

आता हिला सांगायचं कसं? वेर्लेकरांनी आपल्या दुकानी इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे दागिना जुना झाला की मोडीत देतात. म्हणजे सोनाराकडे आणायचा, सोनार तो मुशीत घालून आटवतो आणि त्याच सोन्याचा नवा करून देतो. आजीच्या पाटल्यांतून नातीचा हार निघतो. सोनं तेच राहतं, घडण जाते.

बाईला ते नीट कळायला वेळ लागला. कळल्यावर तिने विचारलं, “आणि तुम्ही केलेले दागिने वितळवतं कोण?”

“मीच,” वेर्लेकर म्हणाले. त्यात काही विशेष आहे असं त्यांना म्हणताना वाटलं नव्हतं. तिचा चेहरा पाहून वाटलं.

“एखादा तरी राहिला असेल,” ती म्हणाली. “शोधा. मला फोटो पाठवा, मला बघायचाय.” माणसं निरोप देताना बोलतात तसंच ती बोलली असेल. पण वेर्लेकरांच्या ते मनात घर करून बसलं. परतीच्या विमानात शेजारचा माणूस सिनेमे पाहत होता आणि हे डोळे मिटून आपण घडवलेले दागिने एकेक करून आठवत होते. प्रत्येकाच्या शेवटी मूस होती.

ठाण्याला आल्यावर त्यांनी पहिलं काम हेच केलं. सर्वेशला फोन लावला. “माझ्या हातचं एखादं काम आपल्याकडे आहे का रे?”

“काका, तुम्ही पण ना,” सर्वेश म्हणाला. “आपण ठेवतो का असं काय? सगळं मोडीत गेलं ना ते. कोण घालणार आता? एवढं वजन कोणाला झेपतंय?”

“एखादं तरी.”

“अच्छा, बघतो.” म्हणजे बघणार नाही.

मग वेर्लेकर स्वतःच निघाले. म्हातारपणी माणसं देवदर्शनाला जातात, हे आपले जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी. डोंबिवलीत रामनगरला एका घरी बाईंनी आनंदाने कपाट उघडलं, डबा काढला, आणि मग आठवून म्हणाल्या, “अहो काका, तो चपलाहार ना? तो आमच्या रसिकाच्या लग्नात मोडला. तुमच्याकडेच दिलेला की.” कल्याणला एकांकडे ठुशी निघाली. खिशातलं भिंग काढून वेर्लेकरांनी ती उलटी केली, आणि चहा संपेपर्यंत तिचं तोंडभर कौतुक केलं, कारण ती दुसऱ्याच कोणाच्या हातची होती आणि घरच्यांना ती त्यांचीच वाटत होती. वर्तकनगरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर दारातच विचारलं, भाव उतरणार आहे का?

स्वतःच्या घरचं पाहावं तर तिथेही तेच. सुहासिनीच्या तोडे-पाटल्या त्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतः घडवल्या होत्या. ऋजुताच्या लग्नात तिला हलकंफुलकं हवं होतं, म्हणून स्वतःच आटवल्या. सुहासिनीने तेव्हा पाटली मुशीत टाकण्यापूर्वी एकदा हातात घालून पाहिली होती आणि काढून दिली होती. ते हलकंफुलकं आज बँकेच्या लॉकरमध्ये आहे, ऋजुता त्याला हात लावत नाही.

महिनाभर हे चाललं. वेर्लेकर रोज संध्याकाळी माजिवड्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. खाली गाड्यांची रांग, समोर टॉवरचे दिवे. आपण मेल्यावर आपल्या हातचं या जगात काहीही नसणार, ही गोष्ट त्यांना मरणापेक्षा जास्त टोचत होती. मरण काय, सगळ्यांनाच आहे. पण सुतार मेला तर दार राहतं. गवंडी मेला तर भिंत राहते. सोनार एवढा तोऱ्यात मिरवतो आणि त्याचंच काही राहत नाही.

अशाच एका संध्याकाळी त्यांना गुप्तेबाई आठवल्या.

इतके दिवस त्या कशा आठवल्या नाहीत याचं त्यांना नवल वाटलं. पण गुप्तेबाई काही नेहमीचं गिऱ्हाईक नव्हत्या. तीसेक वर्षांपूर्वी एका दुपारी त्या दुकानात आल्या होत्या. रचना गुप्ते, कळव्याला शाळेत शिक्षिका. एकट्याच आल्या होत्या, आणि हेच त्या काळी नवल. दागिना करायला बाई यायची तर सोबत सासू, नणंद, नवरा, निदान एक शेजारीण. बाईंनी पर्समधून सोन्याची वळी काढून ठेवली आणि म्हणाल्या, “मला हार करायचाय. लग्नातला नको, मी लग्न करणार नाहीये. माझ्या पैशाचा आहे. तुम्हाला हवा तसा करा.”

‘तुम्हाला हवा तसा करा’ असं वेर्लेकरांना त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही. गिऱ्हाईक शेजारणीच्या हाराचा फोटो घेऊन येतं. वडील दुकानात नव्हते हे बरं झालं. वेर्लेकरांनी दोरा घेतला, बाईंच्या गळ्याचं माप घेतलं, तर दोरा डावीकडे घसरला. पुन्हा घेतलं, पुन्हा घसरला. तेव्हा त्यांनी नीट पाहिलं. बाईंचं उजवं गळ्याचं हाड डाव्यापेक्षा वर होतं. “लहानपणी चिंचेवरून पडले होते,” बाई म्हणाल्या. “माझ्या अंगावर काहीच सरळ बसत नाही. आई म्हणायची, तू आपली बिनदागिन्याचीच बरी.” हे त्यांनी हसत सांगितलं. वेर्लेकर हसले नाहीत. त्यांनी बाईंना चार पावलं चालायला सांगितलं, बसायला सांगितलं, मान वळवायला सांगितलं, आणि पाहत राहिले.

मग त्यांनी जो हार घडवला तो वाकडा होता. मुद्दाम वाकडा. उजवीकडच्या पट्ट्या भरीव, डावीकडच्या पोकळ, पदकाची कडी मध्यावर नाही तर बोटभर सरकवलेली. काउंटरवर ठेवला की काहीतरी बिघडल्यासारखा दिसायचा. वडिलांनी पाहून कपाळाला हात लावला होता. पण बाईंनी घातला आणि तो जागच्या जागी, सरळ, मधोमध बसला. बाई आरशापुढून हलेनात. दुसऱ्या कोणाच्याही गळ्यात तो हार तिरकाच दिसला असता. जगात एका गळ्यासाठी होता तो.

वेर्लेकर खुर्चीतून उठून उभे राहिले. एकटी बाई. मुलगी नाही, सून नाही. कोणासाठी मोडणार ती? तो हार असणार. असणारच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋजुताने घेऊन दिलेला तिकडचा शर्ट घातला, दाढी केली, आणि रिक्षाने खाडीपूल ओलांडून कळव्याला गेले. शाळेच्या ऑफिसात विचारलं. तिथली क्लार्क गुप्तेबाईंचीच विद्यार्थिनी निघाली. “गुप्तेबाई ना? आहेत की. मागच्याच सोसायटीत, तळमजला. एकट्याच असतात. तुम्ही गेलात तर बरं वाटेल त्यांना, कोण जातंय तिथे.”

दार बाईंनीच उघडलं. केस पांढरेशुभ्र झालेले, अंगावर सुती साडी, खांद्यावरून पदर घट्ट लपेटलेला. त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, “वेर्लेकर. या.”

इतक्या वर्षांनी, पाहताक्षणी. वेर्लेकर भारावलेच. त्यांना वाटलं, ज्या बाईने मला असं ओळखलं तिने हार कसा जपला असेल. बाईंनी चहा टाकला. वेर्लेकरांना धीर धरवेना, पण एकदम मुद्द्यावर यायचीही लाज वाटत होती, म्हणून ते परदेशाचं सांगत बसले. रबराचं फूल सांगितलं, चिठ्ठ्यांवरची नावं सांगितली, गॅलरीवाली बाई सांगितली. गेल्या तीन वर्षांत ते एका वेळी इतकं बोलले नव्हते. गुप्तेबाई समोर बसून शांतपणे ऐकत होत्या, वर्गात एखादा मुलगा बरेच दिवसांनी बोलायला लागला की शिक्षक ऐकतात तशा.

“तर बाई, मी काय म्हणतो,” शेवटी वेर्लेकर म्हणाले, “माझ्या हातचं, माझ्या मनासारखं असं एकच काम झालं. तुमचा हार. मला नकोय तो, फक्त एकदा बघायचाय. फोटो काढीन, आणि जाईन.”

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. “नाही तो.”

“चोरीला गेला?”

“मोडला. भावाच्या मुलीचं, उर्वीचं लग्न ठरलं तेव्हा. वहिनी म्हणाली, तुम्हाला काय करायचाय आता. खरंच होतं ते. मीच दिला.”

तरी वेर्लेकरांनी विचारलं, “कुठे दिलात? काही सोनार मोडीतलं बरं असेल तर बाजूला ठेवतात. मी विचारतो जाऊन. कुठे?”

“तुमच्याकडे.”

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. वेर्लेकरांनी कप खाली ठेवला.

“मी नसेन तेव्हा,” वेर्लेकर म्हणाले. “सर्वेश असेल. पुतण्या माझा.”

“तुम्हीच होतात. ऐन लगीनसराई होती, दुकानात ही गर्दी. कळव्यात, ठाण्यात सोनार नव्हते का? वहिनी म्हणतच होती, एवढ्या लांब डोंबिवलीला कशाला. मी मुद्दाम तुमच्याकडे आले. म्हटलं, वेर्लेकर बघतील आणि म्हणतील, बाई, हा नका मोडू. तुम्ही तसं म्हणाला असतात तर मी तो पर्समध्ये टाकून परत आले असते. वहिनीला सांगितलं असतं, सोनार घेत नाही. सगळं ठरवून आले होते मी.”

“आणि मी?”

“तुम्ही हातात घेतलात. भिंग लावलंत. मग काउंटरवर ठेवलात आणि म्हणालात... जाऊ दे.”

“सांगा.”

“म्हणालात, वाकडा घडवलाय हो कोणीतरी. चांगला सोनार बघायचा होता.”

वेर्लेकरांनी आठवायचा प्रयत्न केला. आटापिटा केला. गर्दी आठवली, पंखा आठवला, मागे मुशीचा लाल उजेड आठवला. असे शेकडो हार त्या आठवड्यात त्यांच्या हातून गेले असतील, आणि हाताला तेव्हा एकच ठाऊक होतं, कस किती आणि तूट किती. बाईंचा चेहरा त्यांना आठवला नाही. हार आठवला नाही. त्यांना इतकी लाज वाटली की बसल्या जागेवरून उठून जावंसं वाटलं.

“मला माझंच काम ओळखता आलं नाही,” ते म्हणाले.

“हाराचं राहू दे,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण पुढचं त्यांनी कधीपासून साठवून ठेवलं असावं. “सोन्याचं काय, आज आहे उद्या नाही. पण तुम्ही माप घेतलंत ना तेव्हा, तेवढं नीट मला कोणी कधी बघितलं नव्हतं वेर्लेकर. आईनेही नाही. पुढे वीस वर्षं मी तो हार घालून शाळेत गेले. वाटायचं, एका माणसाला ठाऊक आहे आपण कशा आहोत ते. त्या दिवशी मी तुमच्यासमोर उभी होते. हार काढून ठेवलेला, गळा उघडाच. तुम्ही मान वर करून बघितलंच नाहीत.”

वेर्लेकरांनी मान वर केली. बाईंचा पदर बोलताना खांद्यावरून ढळला होता. गळा आता सुकला होता, कातडी सैल पडली होती, आणि उजवं हाड डाव्यापेक्षा वर होतं, अगदी तेवढंच. वजन कुठे द्यायचं, कडी किती सरकवायची, सगळं त्यांना एका नजरेत दिसलं.

“दिसतंय,” ते म्हणाले.

“आता काय,” बाई म्हणाल्या. त्यांनी पदर ओढून घेतला आणि खिडकी लावायला उठल्या, कारण संध्याकाळ झाली की खाडीवरून डास आत येतात.